सुतकातला अल्बम

आमचा बँड 'मोठा झाला' असं हल्ली सगळे म्हणतात. पूर्वी नुसता गोंगाट होता, आता त्यात खोली आली, मोकळी जागा आली, धुकं आलं. धुकं हा शब्द तर इतक्या जणांनी वापरला की अल्बम महाबळेश्वरला केला असावा असं मलाच वाटायला लागलं. प्रत्यक्षात त्यातला बराचसा भाग आमच्या घराच्या पडवीत, विहिरीपाशी आणि वाडीतल्या पंपाच्या खोपटात रेकॉर्ड झालेला आहे. मला हे माहीत आहे, कारण ती पडवी माझ्या आईबापाची आहे आणि त्या बँडची ड्रमर मी होते.

'होते' असं लिहिताना अजून जड जातं. मला कोणी काढलं नाही. कोणी भांडलंसुद्धा नाही. अल्बममध्ये ड्रम नाहीत, एवढंच झालं. आता ज्या बँडच्या अल्बममध्ये ड्रम नाहीत त्याला ड्रमर कशाला लागेल, हे मी आपलं आपण समजून घ्यायचं होतं. माझं डोकं तसं बरं चालतं, पण हे समजायला मला वेळ लागला, कारण ज्यांच्याकडून समजून घ्यायचं ती दोघं माझ्या घरची माणसं होती.

आम्ही तिघं. गिटारवाला उमरोळीचा. पालघरच्या कॉलेजात तो माझ्या वर्गात होता, आणि वर्गात कमी, जिन्याखाली जास्त असायचा. आता बोईसरला पोरांना गिटार शिकवतो. बासवाला कुंभवलीचा. त्याचे वडील उत्तरेकडून कारखान्यात कामाला आले आणि इथलेच झाले. तो स्वतः कापडाच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला आहे. बास गिटार वाजवत वाजवत गायचाही तोच. आणि मी, रंगाच्या एका कंपनीच्या लॅबमध्ये नमुने तपासणारी, घरी वाडी असलेली, पालघरहून समुद्राकडे जाताना लागणाऱ्या एका गावातली.

आमची गाणी जोरातच होती. कारखान्याच्या पट्ट्यात हळू बोलून कोणाला ऐकू जात नाही, तिथे हळू गाणं कोण ऐकणार? सेकंड शिफ्टवर एक गाणं होतं, बोईसर स्टेशनबाहेरच्या रिक्षांच्या गर्दीवर एक होतं. एक सुक्या बोंबलावर होतं, तेही आम्ही रागानेच म्हणायचो. कंपन्यांचे वार्षिक कार्यक्रम, नवरात्र, कोणाच्या तरी हळदी, जिथे बोलावतील तिथे जायचो. हळदीला लोकांना आमचं काही नको असायचं, पण ड्रम सुरू झाले की म्हाताऱ्या बायकासुद्धा उठायच्या. ते मी केलेलं असायचं. मला त्याचा गर्व होता आणि अजून आहे.

सराव आमच्या वाडीतल्या शेडमध्ये व्हायचा. चिकूच्या पेट्या, नारळाची सोडणं, खताच्या रिकाम्या गोणी आणि त्यांच्या मधोमध माझे ड्रम. शेड बाबांनी दिली होती. आवाज सुरू झाला की ते बाहेरून ओरडायचे, "एवड्या जोरात वाजवलंस तर चिकू पिकायच्या आदी पडतील." मग तिथेच शेडच्या दाराशी जमिनीत रोवलेल्या पहारीवर नारळ सोलायला बसायचे. नारळ पहारीवर आपटायचा, पिळायचा, सोडण फाडून काढायचं. धप्, कर्र, फर्र. त्यांचा हात एका लयीत चालायचा. रिक्षांच्या गाण्याचा ठेका मी सरळ त्यांच्या हातातून उचलला होता आणि ते त्यांना ठाऊक होतं. मी तो ठेका धरला की मुद्दाम आपला हात पुढेमागे करून मला चुकवायला बघायचे. मी चुकले की खूश व्हायचे. नाही चुकले तर जास्त खूश व्हायचे.

बाबा गेले ते वाडीतच, सकाळी झाडांना पाणी सोडताना. पालघरच्या हॉस्पिटलात नेलं, पण न्यायचं म्हणून नेलं. दुपारी घरी आणलं तेव्हा गिटारवाला आमच्या नातेवाइकांच्या आधी दारात उभा होता. बासवाला कामावरच्या कपड्यांतच आला. आमच्याकडे काय करतात, कुठे उभं राहतात, त्याला कळेना. मग लांबून माणसं यायची होती म्हणून तो सातपाटीला जाऊन बर्फाच्या लाद्या घेऊन आला. गिटारवाल्याने खांदा दिला. हे सगळं मी विसरलेले नाही. विसरता आलं असतं तर चिडणं सोपं गेलं असतं.

बाराव्याला काकांनी सगळ्यांसमोर सांगितलं, "वरीसभर घरात वाजवणं-गाजवणं नाय." आईने मान हलवली. मी त्याच संध्याकाळी शेडमध्ये जाऊन ड्रमवर जुना पलंगपोस टाकला. मला रीतीभातींचं फार कौतुक आहे असं नाही, पण बाबांच्या शेडमध्ये बाबा नसताना बडवत बसायचा मलाच धीर नव्हता. त्या दोघांना म्हटलं, दुसरा ड्रमर बघायचा तर बघा. बासवाला म्हणाला, "तेरे बिना क्या बजाएंगे, यार? साल भर की तो बात है." गिटारवाला म्हणाला, "आमी थांबतो. तू ये, मग सुरू करू." हे वाक्य त्याने म्हटलं तेव्हा आई तिथेच बसली होती. माझ्या मनात ते वर्षभर राहिलं.

आता त्या बारा दिवसांचं सांगते, कारण जे काही झालं ते तिथून झालं.

खांदेकऱ्यालाही सुतक असतं. गिटारवाल्याच्या आईने त्याला बजावलं, बारावं होईपर्यंत गिटारीला हात लावायचा नाही. तो आईच्या शब्दाबाहेर जाणारा नव्हता. रोज क्लास बंद ठेवून आमच्याकडे यायचा, पडवीत बसायचा, काकांबरोबर बाराव्याला बोलवायच्या लोकांना फोन करायचा. त्याच्या बोटांना चैन नसायची. मांडीवर सूर दाबत बसायचा. एके दिवशी मी म्हटलं, गुडघ्यावर वाजवलेलं चालतं का रे सुतकात? तो म्हणाला, "वाजवायचं नाय. पण ऐकायला कुटं सुतक हाय?" आणि त्याने फोन काढून पडवीच्या कठड्यावर पालथा ठेवला आणि रेकॉर्डिंग चालू केलं.

बाबा गेल्यावर मी पहिल्यांदा हसले ती त्या दिवशी. मला ते फार आवडलं होतं. रीतही मोडली नाही आणि माणसाने आपली वाटही काढली. आमच्या भागातली माणसं अशीच आहेत, देवाच्या दारात नियम पाळतील आणि मागच्या दाराने सोय बघतील. तो झोपाळ्याच्या कड्या रेकॉर्ड करायचा, विहिरीत पडणारी बादली, पंप, वाऱ्यावर घासणाऱ्या झावळ्या, आमचं कुत्रं. आज लोक ज्याला 'बँडचा नवा ध्वनी' म्हणतात ना, त्याचा जन्म असा आहे. माझ्या बापाच्या सुतकात गिटार वाजवता येत नव्हती म्हणून.

त्या दिवसांत आई रडायची. आमच्याकडे रडणं म्हणजे नुसते डोळे पुसणं नसतं. भेटायला नवं माणूस दारात आलं की घरची बाई हेल काढून रडते. गेलेल्याला हाका मारते, त्याचं काय काय करायचं राहिलं ते त्याला सांगते, आलेल्या माणसाला दाखवते की बघ, हा कसा निघून गेला. त्याला एक सूर असतो. तो कोणी शिकवत नाही. आई पहिले काही दिवस 'अहो, अहो' करूनच रडत होती. तिने आयुष्यात बाबांचं नाव घेतलं नव्हतं. लग्नात उखाण्यात घेतलं असेल तेवढंच. 'अहो', 'ऐकलंत का', नाहीतर माझ्याकडे बघून 'तुजे बाबा'. मग डहाणूकडून माझी आत्या आली, ती हॉस्पिटलात होती म्हणून तिला आधी येता आलं नव्हतं. ती बाबांची मोठी बहीण, ती त्यांना नावानेच हाक मारायची. तिने दारातूनच भावाचं नाव घेऊन हंबरडा फोडला, आणि तिच्या मागोमाग आईनेही ते नाव घेतलं. एकदा नाही. पुन्हा पुन्हा घेतलं. वाडीत लांब गेलेल्या माणसाला जेवायला बोलवावं तसं ती ते नाव ओढून घेत होती. घरातल्या बायका क्षणभर गप्प झाल्या. मी स्वयंपाकघरात चहाचं पातेलं धरून उभी होते, आणि मला तेव्हा पहिल्यांदा खात्री पटली की बाबा खरंच गेले.

गिटारवाला पडवीत होता. फोन कठड्यावर होता. हे मला त्या वेळी सुचलं नाही.

नंतर वर्षभर तो जवळजवळ दर रविवारी यायचा. आता त्याच्याकडे नीट रेकॉर्डर होता, वाऱ्यासाठी माइकवर केसाळ टोपी. आई त्या माइकला उंदीर म्हणायची. "आला का उंदराला घेऊन? बस, जेवून जा." तो काकी काकी करत तिच्या हातचं बोंबलाचं कालवण खायचा, आणि मग आम्ही दोघं माझ्या स्कूटरवर निघायचो. सातपाटीला होड्यांच्या इंजिनांचा आवाज घ्यायला. कुंभवलीला बासवाल्याच्या गच्चीवर, तिथून सगळ्या कारखान्यांचा मिळून एकच लांब 'हूं' ऐकू येतो तो घ्यायला. माइक मी धरायचे. वारा कुठून येतोय ते मी बघायचे. बासवाल्याने त्या 'हूं'शी जुळणारा एक सूर शोधला होता आणि तो एकच सूर तो कितीतरी वेळ धरून बसायचा. मी म्हणायचे, अरे झोपलास का? तो म्हणायचा, "सुन ना, बदल रहा है अंदर से." मला बदललेलं काही ऐकू यायचं नाही. पण ती दोघं खूश असायची, आणि मी त्यांच्याबरोबर असल्याने मीही खूश असायचे.

एकदा मी विचारलं होतं, ह्या सगळ्याचं करणार काय? गाण्यांच्या मधे मधे टाकणार का? गिटारवाला म्हणाला, "हे खाली राहील. वर तुजा ड्रम." मी तर त्या वर्षात ऑफिसच्या बसमध्ये मांडीवर ठेके बसवत होते. पंपाच्या आवाजावर काय चालेल, इंजिनावर काय चालेल. बाबांचा पहारीवरचा ठेका संथ करून सातपाटीच्या होडीवर असा बसत होता की बस बोईसरला कधी पोचली ते कळायचं नाही.

वर्षश्राद्ध झालं. त्यानंतरच्या रविवारी मी सकाळपासून शेडमध्ये होते. पलंगपोस काढला, पालींनी केलेली घाण पुसली, ड्रमची सैल पडलेली तोंडं किल्लीने ताणून घेतली. आईने आतून विचारलं, "आज वाजणार का ढोल?" तिच्या लेखी जे बडवलं जातं तो ढोल. मी म्हटलं, वाजणार.

दोघं आले ते हात हलवत आले. ना गिटार, ना बास. एक लॅपटॉप आणि दोन स्पीकर. बासवाल्याने माझ्याकडे बघणं टाळलं आणि पेटीवर बसला. गिटारवाला म्हणाला, "आदी ऐक. मग बोलू."

ऐकलं. खोटं बोलणार नाही, ते चांगलं होतं. वाईट असतं तर मी हसून मोकळी झाले असते. झोपाळ्याची कडी कुठेतरी लांब वाजते, तिच्याखाली गिटार आहे हे सांगितल्याशिवाय कळत नाही, नुसता एक उजेड असल्यासारखा आवाज, आणि त्यात बासवाला शब्दांवाचून गातोय. चाल नाही, कडवं नाही, कसली घाई नाही. मी पहिल्या ट्रॅकभर ड्रम कधी येतील याची वाट बघितली. दुसऱ्यातही बघितली. तिसऱ्यात मला कळलं की हे पूर्ण झालेलं आहे. मी हातात काठ्या घेऊन बसले होते. त्या कुठे ठेवाव्यात ते सुचेना.

मग पाचवा ट्रॅक लागला. आधी नुसता कारखान्यांचा 'हूं'. मग त्यातून एक लांब, खोल, वर चढणारा आवाज आला, थांबला, परत आला. खूप संथ केलेला होता. पहिल्यांदा होडीचा भोंगा वाटला. तिसऱ्यांदा तो आला तेव्हा मला त्यातला शब्द कळला. तो आवाज बाबांचं नाव घेत होता.

मी उठून लॅपटॉप बंद केला. म्हटलं, "ही माजी आई हाय."

बासवाल्याने गिटारवाल्याकडे बघितलं आणि हळूच म्हणाला, "मुझे लगा, इसको पता है."

"मना कसं पता असेल? सांगितलं कोणी?" मी गिटारवाल्यासमोर जाऊन उभी राहिले. "माज्या बापाच्या सुतकात आमच्या पडवीत बसून चोरी केलीस तू. आमच्या घरात जेवत होतास आणि चोरी करत होतास. चोर हायेस तू."

तो गप्प राहिला. मान खाली घालून माझ्या ड्रमकडे बघत राहिला. मला वाटलं, लाज वाटतेय. बऱ्याच वेळाने म्हणाला, "ड्रम टाकून बगितले मी. लॅपटॉपवर. खरंच बगितले. टाकले की त्याचं गाणं होतं."

"मग? गाणं नाय तर काय भाजी करायची होती?"

"त्याला कोणी धरायला नको. तू वाजवलंस की तू धरतेस त्याला. पायाखाली जमीन देतेस. ह्याला जमीन नको."

हा माणूस पूर्वी असं बोलायचा नाही. मी म्हटलं, माझे ड्रम नकोत तर नकोत, अल्बम तुमचा, तुम्हाला लखलाभ. पण पाचवा ट्रॅक काढायचा. माझ्या आईला हे कधी ऐकू जाता कामा नये. तिने ते जगाला ऐकवायला म्हटलेलं नव्हतं. ज्याचं नाव तिने जन्मभर तोंडात आणलं नाही ते लोक बसमध्ये बसून ऐकणार, हे मला चालणार नाही. तो म्हणाला, "बघतो."

बघतो. ह्या शब्दावर विश्वास ठेवणारी मी लॅबमध्ये नमुने तपासते, हे कंपनीला कळलं तर काढून टाकतील. आपल्याकडे 'बघतो' म्हणजे नाही, हे शेंबड्या पोरालाही कळतं. पण मी ते वचन धरलं. आईला काही सांगितलं नाही. ड्रमवर परत पलंगपोस टाकला. तिने विचारलं, का गं, वाजला नाय ढोल? मी म्हटलं, तोंडं सैल झालीत, नवी आणावी लागतील.

अल्बम आला तेव्हा मी ऑफिसच्या बसमध्ये होते. एक दोन तीन चार सोडून सरळ पाचवा लावला. होता. जसाच्या तसा होता. उलट त्याला नाव दिलं होतं, 'भरती'. कुठल्याशा ऑनलाइन कार्यक्रमात मुलाखत होती. विचारणाऱ्याने पाचव्या ट्रॅकचं फार कौतुक केलं, तो हृदय पिळवटणारा आवाज कशाचा म्हणून विचारलं. आमचा गिटारवाला म्हणाला, सातपाटीचा समुद्र. मी बसमध्ये मोठ्याने म्हटलं, समुद्राला नवरा असतो का रे? शेजारची बाई जरा सरकून बसली.

मी त्याला फोन केला, त्याने उचलला नाही. मेसेज आला, 'रागावू नको, भेटून बोलू.' मी ग्रुपमधून बाहेर पडले. बासवाला कंपनीच्या गेटवर भेटायला आला, म्हणाला, "मैंने बोला था उसको. सच में बोला था." मी म्हटलं, तू बोललास आणि मग त्याच्याबरोबर वाजवलंस. तो गेला. मला दोघांचाही राग होता, पण त्याहून जास्त दुखायचं ते हे की मला त्यांची आठवण यायची. भांडण झालं की ज्यांना सांगायचं ती माणसं हीच होती.

तेवढं एकच काम माझ्या हातात उरलं होतं, आईला ते ऐकू न देणं. तिने विचारलं की मी नेट नाही म्हणायचे, फोनमध्ये येत नाही म्हणायचे. पण गावात काय राहतं? शेजारणीच्या सुनेने तिला सांगितलं, पोरांचं गाणं आलंय, पेपरातपण आलंय.

एका रविवारी दुपारी आई पडवीत वालाचं बिरडं सोलत बसली होती. म्हणाली, "फोन आण. पोरांचं लाव."

मी पहिला ट्रॅक लावला. ती सोलता सोलता ऐकत होती. "हा आपला झोपाळा." मग, "हा पंप. वॉल्व गळतो तो ऐक, कवापासून सांगते बदल." कुत्र्याचा आवाज आला तेव्हा ती हसली आणि अंगणात झोपलेल्या कुत्र्याला म्हणाली, "तुजं नाव झालं बग." मी चौथ्यानंतर फोन उचलला. म्हटलं, बाकीचं नंतर ऐक, सगळं सारखंच आहे.

"पाचवं लाव," आई म्हणाली.

"ते चांगलं नाय."

"पाचवं माजं हाय ना. त्यानं सांगितलंय."

मी विचारलं, "तुला कोणी सांगितलं?"

"त्यानं. गणपतीनंतर आलेला, वर्षश्राद्धाच्या आदी, तू कामावर गेलेली. मला ऐकवलं. बोलला, काकी, हे घेऊ का? तुमी नाय बोललात तर पुसून टाकतो."

"आणि तू हो बोललीस?"

आईने हातातला वाल सोलून टोपात टाकला. "मी तुज्या बाबांचं नाव कदी घेतलं नाय. एकदा घेतलं ते चार बायकांनी ऐकलं आणि संपलं. र्‍हाऊ दे बोलली कुटंतरी." मग म्हणाली, "पण मी त्याला सांगितलं, नुसतं रडणं नको ठेवू. वर माज्या पोरीचा ढोल पायजे. तिच्या बापाला आवडायचा. तो बोलला, असेल काकी, ढोल तर असणारच. तुला सांगू नको बोलला. तुला एकदम ऐकवायचं होतं त्याला."

म्हणजे मी त्याला शेडमध्ये चोर म्हटलं तेव्हा 'काकींना विचारून घेतलंय' एवढं एक वाक्य त्याच्याजवळ होतं. ते बोलला असता तर मी आईकडे गेले असते, आणि आईने अट सांगितली असती. म्हणून तो गप्प बसला. चोर म्हणवून घेणं त्याला परवडलं. मी त्याची ती खाली घातलेली मान इतके दिवस लाज समजत होते, आणि खरं सांगायचं तर त्या लाजेच्या आधारावर मी त्याला कधीतरी माफही करणार होते.

"लाव ना," आई म्हणाली.

मी लावलं. 'हूं' सुरू झाला. आईने टोप बाजूला सारला, हात पदराला पुसले आणि नीट बसली. तिचा आवाज आला तेव्हा ती जरा दचकली, पण रडली नाही. मान थोडी कलती करून ऐकत राहिली. बाबांचं नाव आलं, गेलं, परत आलं. ती माझ्याकडे बघून हळूच म्हणाली, "आता येल का तुजा?"

नाव पुन्हा आलं. तिने बोट वर केलं, थांब, आता येईल, अशा अर्थाने. मी अंगणाकडे बघत बसले. पंप होता, झोपाळा होता, कुत्रा होता, आई होती, बाबांचं नाव होतं. आमचं सगळं घर त्या अल्बममध्ये होतं. घरातली एक मीच नव्हते.

'हूं' बारीक होत गेला आणि संपला. आई अजून बोट धरून बसली होती. मग तिने हात खाली घेतला आणि टोप पुन्हा जवळ ओढला.

"माजं लक्ष नसेल," ती म्हणाली. "परत लाव."

मी परत लावलं.